टोस्ट (माइनक्राफ्ट)

टोस्ट ही माइनक्राफ्ट या संगणकीय खेळाच्या जावा आवृत्तीतील सूचना दाखवण्याची सामायिक व्यवस्था होय. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात सरकत येणाऱ्या आणि काही क्षणांनी परत जाणाऱ्या लहान चौकटीसही टोस्ट असेच म्हणतात. मूळ खेळ आणि त्यात भर घालणारे मॉड या दोहोंना ही व्यवस्था वापरता येते.

पार्श्वभूमी

जून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १.१२ या आवृत्तीत खेळातील जुन्या ‘अचीव्हमेंट’ पद्धतीची जागा ‘ॲडव्हान्समेंट’ने घेतली. त्याच आवृत्तीपासून टोस्ट वापरात आले. नवे यश, नव्याने उपलब्ध झालेली कृती, नवख्या खेळाडूस मार्गदर्शन आणि खेळाचे स्वतःचे निरोप यांसाठी टोस्टचे वेगवेगळे प्रकार आहेत.

रचना

सर्व टोस्ट एका व्यवस्थापकाकडे सोपवले जातात. पडद्यावर त्यांच्यासाठी पाच जागा असतात. त्या भरलेल्या असल्यास पुढील टोस्ट रांगेत थांबतो व जागा मोकळी होताच दिसू लागतो. प्रत्येक मॉडने आपली चौकट स्वतंत्रपणे रेखाटली, तर दोन सूचना एकमेकींवर येऊन दोन्ही वाचता येणार नाहीत. रांग सामायिक असल्यामुळे परस्परांची माहिती नसलेले मॉडही एकत्र नांदू शकतात.

प्रत्येक टोस्टला ओळखीची एक खूण देता येते. त्याच खुणेचा टोस्ट आधीच दिसत असेल, तर नवा न काढता त्यातील मजकूर बदलता येतो. उदाहरणार्थ, एकाच वेळी अनेक कृती उपलब्ध झाल्या, तरी खेळ एकच टोस्ट दाखवतो आणि त्यातील चित्रे आळीपाळीने बदलतो.

मॉडमधील वापर

टोस्ट ही केवळ क्लायंटची, म्हणजे खेळाडूच्या संगणकावरील भागाची, व्यवस्था आहे. स्वतंत्र सर्व्हरवर तिची आज्ञावली नसते. त्यामुळे सर्व्हरवर चालणाऱ्या भागातून तिला थेट हाक मारल्यास सर्व्हर बंद पडू शकतो. घटना सर्व्हरवर घडली असल्यास तेथून क्लायंटला संदेश पाठवावा लागतो आणि टोस्ट क्लायंटने दाखवावा लागतो. फोर्ज आणि फॅब्रिक या दोन्ही मॉड-प्रणालींत असे संदेश पाठवण्याची सोय आहे.

मजकूर आज्ञावलीत थेट न लिहिता भाषा-फाइलमध्ये ठेवल्यास त्याचे अन्य भाषांत भाषांतर करता येते.

मर्यादा

टोस्ट आपोआप नाहीसा होतो, म्हणून ज्यावर खेळाडूने निर्णय घ्यायचा आहे असा मजकूर त्यात देणे योग्य नव्हे. सूचना किती वेळ दिसावी, हे अलीकडील आवृत्त्यांत सुलभतेच्या पर्यायांमधून खेळाडूस ठरवता येते. मॉडने स्वतःचा ठरावीक कालावधी लादल्यास ही निवड निष्फळ ठरते आणि सावकाश वाचणाऱ्यास सूचना पूर्ण वाचता येत नाही. शिवाय जागा मोजक्याच असल्याने एका मॉडने क्षुल्लक सूचनांचा भडिमार केल्यास इतरांच्या महत्त्वाच्या सूचना रांगेत अडकून उशिरा दिसतात.