दोन दिवसांची शिदोरी

प्रवासास निघणाऱ्या माणसाबरोबर काहीतरी बांधून देण्याची चाल महाराष्ट्रात फार जुनी आहे. तहानलाडू आणि भूकलाडू ह्यांचा उल्लेख झाला नाही अशी राजपुत्राच्या प्रवासाची कथा विरळाच. पूर्वीची शिदोरी वाटेपुरती असे. मुक्कामाच्या ठिकाणी आप्तांचे घर किंवा धर्मशाळा असे. आता मुक्कामाचे स्वरूप पालटले आहे. शहरातील कुटुंब शुक्रवारी सायंकाळी निघते, गावाबाहेरचे एखादे सुसज्ज घर दोन दिवसांच्या भाड्याने घेते आणि रविवारी परतते. ह्या घरी चूल असते, भांडीही असतात, परंतु डबे रिकामे असतात. ते किती भरावेत आणि कशाने भरावेत, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्याचे उत्तर चुकले तर अन्नाची नासाडी होते, प्रकृती बिघडते, आणि ज्या विश्रांतीसाठी हा खटाटोप केला ती कोणाच्याच वाट्याला येत नाही.

उदाहरणादाखल आनेकलचा परिसर घेता येईल. बंगळूर नगर जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव शहराच्या मध्यापासून सुमारे ३५ किलोमीटरांवर, तमिळनाडूच्या सीमेलगत वसलेले आहे. एका बाजूस बन्नेरघट्टाचे राष्ट्रीय उद्यान, जवळच मुत्याळमडुवूचा धबधबा, आणि सभोवार नाचणीची शेते. बंगळुरात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांना शनिवार-रविवारसाठी असा मुलुख जवळचा वाटतो.

शिधा जमविण्याच्या कामाचे महत्त्व ह्याच प्रदेशाच्या इतिहासाने एकदा ठसठशीतपणे दाखविले आहे. १७९१ च्या मार्च महिन्यात बंगळूर जिंकून लॉर्ड कॉर्नवॉलिस टिपूच्या श्रीरंगपट्टणावर चालून गेला. मे महिन्यात तो त्या राजधानीच्या तोंडाशी पोहोचला. पण धान्य संपले, चाऱ्यावाचून बैल मेले, आणि मोठ्या तोफा निकामी करून त्यास माघार घ्यावी लागली. त्याच वेळी हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन ह्यांच्या मराठी फौजा येऊन मिळाल्या. त्यांच्या छावणीबरोबर चालणाऱ्या बाजारात धान्यापासून कापडापर्यंत जिन्नस मिळत होते. भाव चढे होते, तरी उपाशी इंग्रज फौजेचे प्राण त्या बाजारानेच वाचविले. बरोबर काय न्यावयाचे आणि वाटेत काय मिळवावयाचे, ह्याचा हिशेब आधी केलेला असावा लागतो, हा त्या प्रसंगाचा धडा कुटुंबाच्या छोट्या मोहिमेसही लागू पडतो.

हिशेबाचा आरंभ वस्तूंच्या यादीने नव्हे, तर जेवणांच्या मोजणीने करावा. शुक्रवारच्या रात्रीपासून रविवारच्या दुपारपर्यंत चार जेवणे आणि दोन न्याहाऱ्या होतात; म्हणजे आहाराच्या दृष्टीने पुरते दोन दिवस. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात सुमारे २००० उष्मांकांच्या रोजच्या आहारासाठी माणशी २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध आणि २७ ग्रॅम तेल-तूप असे प्रमाण दिलेले आहे. सहा माणसांच्या कुटुंबास दोन दिवसांसाठी ह्या मानाने ३ किलो धान्य, १ किलो डाळ, सुमारे ५ किलो भाजी, सव्वा किलो फळे, साडेतीन लिटरांहून थोडे अधिक दूध आणि पाव लिटराहून काहीसे जास्त तेल पुरेसे होते. माणसांच्या वयाप्रमाणे आणि भुकेप्रमाणे ह्यात फरक पडेल. तथापि पाच किलो तांदूळ आणि पाच किलो कणीक गाडीत घालणारे घर त्यातील बराचसा भार परत आणण्यासाठीच नेत असते, हे ह्या आकड्यांवरून स्पष्ट होते. उलट भाजी आणि फळे बहुधा कमी पडतात.

ह्यानंतर जिन्नसांचे तीन वर्ग करावेत. पहिला वर्ग घरून नेण्याच्या टिकाऊ पदार्थांचा. ह्या बाबतीत जुन्या गृहिणींचे ज्ञान आजच्या शास्त्राशी तंतोतंत जुळते. अन्न नासविणाऱ्या सूक्ष्म जीवांना वाढण्यासाठी मोकळे पाणी लागते. भाजून कोरडी केलेली शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भडंग किंवा बेसनाचे लाडू ह्यांत ते फारसे नसते. लोणच्यातील मीठ आणि मुरांब्यातील साखर ते बांधून ठेवते. कणीक दुधात भिजवून केलेली दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, म्हणून ती प्रवासात मानाची ठरली. शुक्रवारी रात्री थकून पोहोचल्यावर दशम्या, चटणी आणि फळे एवढ्यावर जेवण आटोपले, तर त्या रात्री चूल पेटविण्याचे कारण राहत नाही. मीठ, हळद, तिखट, फोडणीचे साहित्य आणि चहा-साखर ह्या गोष्टी लहान डब्यांतून मोजून न्याव्यात. दोन चमचे मोहरीसाठी नवी पिशवी विकत घेणे हा निव्वळ अपव्यय होय.

दुसरा वर्ग नाशवंत पदार्थांचा. ५ ते ६० अंश सेल्सिअस ह्या तपमानांच्या दरम्यान सूक्ष्म जीव झपाट्याने वाढतात. यास्तव शिजविलेले अन्न बाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांवर असेल तर एका तासाहून अधिक नाही. भाताविषयी विशेष दक्षता घ्यावयास हवी. तांदळातील काही जीवाणूंचे बीजाणू शिजविल्यानेही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होऊन विष निर्माण करतात, आणि पुन्हा गरम केल्याने ते विष नाहीसे होईलच असे नाही. म्हणून शिळ्या भाताचा फोडणीचा भात करावयाचा असेल, तर रात्रीचा भात लवकर गार करून शीतकपाटात ठेवलेला असला पाहिजे. वीज गेली तर शीतकपाट उघडू नये. बंद राहिल्यास आतील थंडावा सुमारे चार तास टिकतो. मासे किंवा मटण न्यावयाचे असल्यास ते घट्ट झाकणाच्या भांड्यात, बर्फाच्या पेटीत सर्वांत खाली ठेवावे, म्हणजे त्याचे पाणी इतर अन्नावर ठिबकणार नाही.

तिसरा वर्ग मुक्कामाच्या ठिकाणी घेण्याच्या वस्तूंचा. दूध, दही, पालेभाजी आणि फळे आनेकलच्या बाजारात ताजी मिळत असता ती शहरातून वाहून नेण्यात स्वारस्य नाही. हिवाळ्यात अवरेकाईचा, म्हणजे महाराष्ट्रातील पावट्याच्या जातीच्या शेंगांचा, हंगाम असतो. त्यांची उसळ मराठी जिभेस परकी वाटणार नाही. नाचणीचे पीठ घेऊन भाकरी थापावी, अथवा त्या मुलखाच्या पद्धतीने मुद्दे करून सारासंगे खावे. परमुलखात जाऊन स्वतःच्याच घरचे जेवण जेवणे सोयीचे असेल. पण ज्या मातीत दोन दिवस राहावयाचे, तिचा एखादा घास तरी घेतल्यावाचून तो प्रवास पुरा होत नाही.

घराच्या मालकास आधीच काही प्रश्न विचारून ठेवावेत. गॅस पुरेसा आहे काय, कुकर आहे काय, पिण्याचे पाणी कोठून येते, हे कळले म्हणजे अर्धी चिंता मिटते. कुकरचा प्रश्न क्षुल्लक नव्हे. हा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच असल्याने येथे पाणी १०० ऐवजी सुमारे ९७ अंशांस उकळते, आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजण्यास मुंबईपेक्षा अधिक वेळ लागतो. पाण्याविषयी शंका असेल तर ते खळखळून एक मिनिट उकळावे. तेवढ्याने रोगजंतू मरतात.

येथवरचा विचार माणसांच्या पोटाचा झाला. परंतु आनेकलसारख्या ठिकाणी शेजारी अरण्य असते. बन्नेरघट्टाच्या रानातील हत्ती नाचणीचे पीक तयार होण्याच्या सुमारास रात्री शेतांत उतरतात, आणि त्यात शेतकऱ्याचे वर्षाचे कष्ट तुडविले जातात. अशा ठिकाणी उरलेले अन्न आणि फळांच्या साली उघड्यावर टाकणे म्हणजे रानातील जनावरांना वस्तीकडे येण्याचे आमंत्रण देणेच होय. माकडांना कौतुकाने बिस्किटे देणारा पाहुणा रविवारी निघून जातो; घरांत शिरू लागलेल्या माकडांचा उपद्रव मात्र गावकऱ्यांच्या माथी राहतो. यास्तव अन्न मोजून शिजवावे, खिडक्या लावून ठेवाव्यात, आणि कचरा झाकणाच्या डब्यात ठेवून मालकाने सांगितलेल्या जागीच द्यावा. एकदा वापरून टाकण्याच्या प्लास्टिकच्या ताटल्या-पेल्यांवर कर्नाटकात २०१६ पासून बंदी आहे; घरून स्टीलची ताटे-वाट्या नेणे हाच सरळ मार्ग.

शेवटचा मुद्दा श्रमांच्या वाटणीचा. पुष्कळ घरांत अशी सहल म्हणजे गृहिणीने एक स्वयंपाकघर सोडून दुसऱ्यात उभे राहणे, एवढाच बदल असतो. तोही अनोळखी चुलीपुढे. यादी करताना प्रत्येक जेवणापुढे पदार्थाचे नाव लिहितात, तसेच तो करणाराचे आणि भांडी घासणाराचेही लिहावे. चार जेवणे आणि दोन न्याहाऱ्या सहा माणसांत वाटल्या, तर मोठ्यांच्या वाट्याला फार तर एखाद-दुसरे काम येते, आणि मुलांना भाजी निवडणे सहज जमते. धान्याचा हिशेब ग्रॅममध्ये करता येतो. विश्रांतीची वाटणी मात्र यादीत नावे घातल्यावाचून होत नाही, आणि ती झाली तरच दोन दिवसांची शिदोरी सर्वांना सारखी पुरली असे म्हणता येईल.