परंपरा आणि कस

कादंबरीमाला असो, चित्रपटमाला असो वा व्हिडिओ गेमची मालिका असो. ती दीर्घकाळ चालली कीं, “पूर्वीची सर आतां राहिली नाहीं,” हा अभिप्राय ठरलेलाच. पुण्याच्या सदाशिव पेठेंत भरत नाट्य मंदिरांत होणारी पुरुषोत्तम करंडक स्पर्धाही त्यांतून सुटलेली नाहीं. महाविद्यालयीन एकांकिकांची ही स्पर्धा महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेनें १९६३ सालीं सुरू केली. सप्टेंबर २०२२ मध्यें परीक्षकांनीं एकाही संघास करंडक दिला नाहीं, तेव्हां या अभिप्रायास जणूं पुरावाच मिळाला.

परंतु पूर्वीच्या प्रयोगांपैकीं निवडक तेवढेच स्मरणांत उरतात. जब्बार पटेल यांचें नांव सर्वांस आठवतें. त्याच काळांतील सामान्य एकांकिका कोणास आठवत नाहींत. अशा रीतीनें आजच्या सरासरीची तुलना कालच्या उत्तमाशीं होते. शिवाय स्पर्धा वृद्ध झाली, तरी तींत उतरणारे विद्यार्थी दर कांहीं वर्षांनीं नवेच असतात. खरा धोका अनुकरणाचा आहे. ज्या साच्यास काल पारितोषिक मिळालें, तोच आज पुन्हां वापरण्याचा मोह होतो. व्हिडिओ गेमच्या मालिकाही याच मोहानें शिळ्या होतात.

तेथें मात्र खप आहे तोंवर पुढचा भाग निघतच राहतो. येथें “यंदा नाहीं” असें म्हणण्याचा अधिकार परीक्षकांस आहे. कसून तालमी करणाऱ्या विद्यार्थ्यांस तो निर्णय कठोर वाटणें स्वाभाविक होय. तथापि न दिलेल्या करंडकामुळेंच पुढें दिल्या जाणाऱ्या करंडकाचें मोल टिकतें.