स्लो कुकरमधले सॉसेज-अननस: अननस डब्यातलाच का?

अमेरिकेत सुपर बोलचा सामना असो वा नाताळची पार्टी, स्लो कुकरमधले गोड-खारट सॉसेज हा तिथला नेहमीचा स्टार्टर. 1971 मध्ये 'क्रॉक-पॉट' बाजारात आला आणि स्लो कुकर घरोघरी पोहोचला.

कृती : 800 ग्रॅम स्मोक्ड कॉकटेल सॉसेज, अननसाच्या तुकड्यांचा एक डबा (पाक काढून), एक वाटी बार्बेक्यू सॉस आणि अर्धी वाटी द्राक्षाची जेली एकत्र करा. झाकण लावून 'लो'वर 3 ते 4 तास ठेवा.

ताजा अननस का नको? त्यात ब्रोमेलेन हे प्रथिने तोडणारे एन्झाइम असते. स्लो कुकर सावकाश तापतो, त्यामुळे त्याला काम करायला वेळ मिळतो आणि सॉसेज लिबलिबीत होऊ शकते. डबाबंद अननस आधीच तापवलेला असल्याने ब्रोमेलेन निष्क्रिय झालेले असते.

काळजी काय घ्याल? सॉसेज आधीच शिजवलेले आहे ना, हे पाकिटावर पाहा. कच्चे पोर्क सॉसेज असेल तर आधी तव्यावर शिजवा. आतले तापमान 71 अंश सेल्सिअस व्हायला हवे. वाढताना कुकर 'वॉर्म'वरच ठेवा, कारण 60 अंशांखाली जंतू झपाट्याने वाढू लागतात. बाहेर काढलेले सॉसेज दोन तासांत संपवा किंवा फ्रिजमध्ये ठेवा.