तेरड्यावरची माशी: कामाला आलीय की फुकट प्यायला?

भाग ऐकायला जमला नसेल तर हा घ्या, वाचा. आजचा विषय आहे पावसाळ्यात टेकडीवर फिरताना रानफुलांचे आणि त्यांच्यावर येणाऱ्या किड्यांचे मोबाईलवर फोटो काढणं.

नुसत्या फुलाचा छान फोटो आता कुणालाही जमतो, मागचं धूसर करायचं कामसुद्धा फोनच करतो. मला त्याहून वेगळा फोटो आवडतो. फुलावर किडा बसला म्हणजे परागीभवन झालंच, असं आपण धरून चालतो. तसं नसतं हो. काही पाहुणे मध पितात आणि निघतात, फुलाच्या पदरात काही पडत नाही. कोण कामाचं आणि कोण फुकटं, हे नीट काढलेल्या फोटोत चक्क दिसतं.

आपला तेरडाच घ्या ना. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रस्त्याकडेला गुलाबी पसरतो तो. काही घरांत तेरड्याचीच गौर बसते. या फुलाच्या मागे एक बारीक, वाकडी नळी असते आणि मध तिच्यात असतो. फुलाच्या तोंडाशी, वरच्या बाजूला, पुंकेसर एकमेकांना चिकटून टोपीसारखे बसलेले असतात. माशी मधासाठी आत घुसली की तिची पाठ त्या टोपीला घासते आणि पाठीला पांढरी पूड लागते. पुढे ती टोपी गळून पडते आणि आत झाकलेलं स्त्रीकेसराचं टोक उघडं होतं, त्याच जागी! आता दुसऱ्या फुलावरून पांढरी पाठ घेऊन आलेली माशी नेमकी तिथेच घासणार. एकच फूल, आधी नर आणि मग मादी. तेरड्याचे रंग तीन दिवस म्हणून आपण त्याला हिणवतो, पण तेवढ्यात केवढा कारभार उरकतो बघा.

म्हणून तेरड्यावर माशी दिसली की तिची पाठ टिपा. पोटावर निळसर पट्टे असलेली, जराही स्थिर न बसणारी ब्लू-बँडेड बी दिसली तर सोडू नका. फुलपाखराची सोंड लांब, त्यामुळे त्याचं अंग कुठे टेकतंय का, तेही बघायचं. आणि नळीलाच बाहेरून भोक पाडून मध चोरणारेही असतात. नळीला भोक दिसलं तर त्याचाही फोटो घ्या, तो चोरीचा पुरावाच आहे.

हे फोनवर कसं जमवायचं? माशीच्या मागे पळू नका. ताज्या फुलांचा एक झुबका निवडा, सावली फुलावर पडणार नाही असे बसा आणि वाट बघा. स्क्रीनवर फुलावर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये फोकस लॉक होतो, उजेड थोडा कमी करा. फार जवळ गेलात तर फोकसच होत नाही. वीतभर लांब राहा, नंतर क्रॉप करा. माशी आली की बर्स्ट. वीसातला एक चांगला निघाला तरी जिंकलात. त्यानंतर एक फोटो पानांसकट अख्ख्या झाडाचा, नाहीतर फूल ओळखणारा माणूस वैतागतो.

किडा बाजूनेही घ्या. मधमाशीसारखी दिसणारी हॉवरफ्लाय ही खरं तर साधी माशी. तिला पंख दोन आणि मधमाशीला चार, पण मधमाशीचे पुढचे-मागचे पंख एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे मोजताना फसगत होते. मिशा बघणं सोपं: हॉवरफ्लायच्या अगदी आखूड असतात. आणि माशी निघाली म्हणून फोटो डिलीट करू नका, माशाही परागीभवन करतात. कंदीलपुष्पाचं तर सगळं त्यांच्यावरच चालतं. चिमुकली माशी नळीत शिरते, आतले केस तिला बाहेर येऊ देत नाहीत, केस कोमेजले की सुटका.

आग्यामाशीच्या पोळ्याजवळ मात्र फोटोसाठी जायचं नाही. नाही म्हणजे नाही.

आता लोकेशनचं. कंदीलपुष्पाच्या काही जाती फक्त आपल्या सह्याद्रीतच आहेत आणि कंद खाण्यासाठी ती खणून काढली जातात. आयनॅचरलिस्टवर धोक्यातल्या जातींची नेमकी जागा आपोआप लपवली जाते. रीलवर तुम्हीच जागेचं नाव टाकलंत तर कोण लपवणार? तालुका सांगा, पुरे. आणि सड्यावर पाऊल बघून टाका. कास २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत आलं आणि गर्दी वाढली. पण तिथे कातळावर मातीचा थर इतका पातळ आहे की एका सेल्फीसाठी आत गेलेली चार पावलं पुरतात.

पुढच्या भागात रात्री उमलणारी फुलं आणि पतंग. टॉर्चला लावायला लाल जिलेटिन पेपर आणून ठेवा.