आधी फुंका, मग गाडी

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचा परवाना काढून घेतला, तरी गाडी दारातच उभी असते आणि किल्ली खिशात. बरेच जण विनापरवाना चालवतातच. म्हणून अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याने 2005मध्ये पहिल्याच गुन्ह्यापासून गाडीत ‘अल्कोहोल इंटरलॉक’ सक्तीचा केला.

मोबाइलएवढं यंत्र, त्याला तोंडाशी धरायची नळी. श्वासात ठरल्यापेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर स्टार्टर फिरतच नाही. मित्राकडून फुंकवून घेतलं तर? त्यासाठी वाटेत यंत्र पुन्हा फुंकायला सांगतं. काहींत कॅमेराही असतो. धावतं इंजिन मात्र ते बंद करत नाही, भर रस्त्यात ते जिवावर बेतेल. नापास झालात तर नोंद होते, बऱ्याच यंत्रांत हॉर्न बोंबलत राहतो. अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने चूळ भरून लगेच फुंकलं, तरी पंचाईत! साध्या पाण्याने गुळण्या करून थोडं थांबायचं.

यंत्र असेपर्यंत पुन्हा पकडले जाण्याचं प्रमाण बरंच घटतं. काढलं की फायदा ओसरतो, असं अभ्यास सांगतात. माझ्या मते खरी मेख इथेच आहे: यंत्र किती काळ ठेवायचं? स्वीडनमध्ये दारूचं व्यसन असलेल्या दोषी चालकांना यंत्र एकाऐवजी दोन वर्षं ठेवावं लागतं.