लॉरीवाल्यांची सालं कशी वाचायची : बेळगावच्या रस्त्यांवरच्या आठवणी

बेळगावातल्या जुन्या ड्रायव्हरला "तुम्ही पहिली ट्रिप कधी मारलीत?" असं विचारलं तर तो साल सांगत नाही. "टाटाची चांदणीवाली गाडी होती तेव्हा," म्हणतो. किंवा "शिनोळीला कोण अडवत नव्हतं तवा." गेली काही वर्षं मंडळासाठी मी या आठवणी लिहून घेतोय. सुरुवातीला या उत्तरांनी वैताग यायचा. वहीत सालाचा रकाना रिकामाच राहायचा. मग हळूहळू लक्षात आलं की साल ते सांगतच असतात, आपल्याला ते वाचता येत नाही. ते कसं वाचायचं, त्याबद्दल हे टिपण आहे. शेवटी घरातलंही थोडं येणार आहे, कारण माझे वडील, अप्पा, याच धंद्यातले.

आधी गाड्या. कुणी "कोळशाची मोटार" म्हणाला तर तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळाबद्दल बोलतोय, आणि बहुधा स्वतःची नव्हे, बापाची किंवा उस्तादाची गोष्ट सांगतोय. पेट्रोलचं रेशनिंग होतं, तेव्हा गाडीला कोळशाच्या गॅसची भट्टी जोडून चालवत. युद्ध संपल्यावर मिलिटरीच्या डिस्पोजलमधल्या गाड्या आल्या. त्या काळातल्या पेट्रोलच्या गाड्यांना हँडल मारून सुरू करायचं काम क्लीनरचं. (बोलण्यात त्याला 'किन्नर' म्हणतात, जुन्या मुलाखती ऐकताना दचकू नये.) हँडल उलट फिरलं तर मनगट मोडायचं. आमच्या गल्लीत असे वाकड्या मनगटाचे दोघे म्हातारे मी लहानपणी पाहिलेत.

१९५४ साली टेल्कोनं जर्मनीच्या डायमलर-बेंझशी करार केला आणि टाटा-मर्सिडीज डिझेल गाडी आली. तिच्या नाकावर तीन टोकांची चांदणी. हा करार १९६९ ला संपला, चांदणी गेली आणि तिथं 'टी' आलं. गाडी जवळपास तीच, बिल्ला वेगळा. म्हणून "चांदणीवाली" म्हणजे १९५४ ते १९६९ मधली, आणि "टी-वाली" म्हणजे त्यानंतरची. अर्थात चांदणीची गाडी लोकांनी पुढं पंधरा-पंधरा वर्षं वापरली, त्यामुळं चांदणीवरून एवढंच कळतं की गोष्ट १९५४ च्या आधीची नाही. 'टी' मात्र पक्का पुरावा. त्याच्या आधी ती असूच शकत नाही.

दुसरी खूण मापांची. भाडं मणावर सांगितलं की क्विंटलवर? अंतर मैलात की किलोमीटरमध्ये? दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली आणि मेट्रिक मापं त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत. पण इथं सावध राहावं लागतं. माणूस शिकतो ते माप आयुष्यभर बोलतो. पुणं "दोनशे दहा मैल" म्हणणारे ड्रायव्हर १९९० मध्येही होते. उलट, जुना माणूस मध्येच "किलोमीटरचा दगड" म्हणाला तर कान टवकारावेत, कारण तिथं तो सवयीनं नव्हे, डोळ्यांनी पाहिलेलं सांगत असतो.

तिसरी खूण म्हणजे कागद. या भागात तीच सगळ्यात बोलकी.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका तोवर बेळगाव जिल्ह्यातच होता. तो तेवढा वगळून कोल्हापूरला जोडला. याच्यावर भाषेच्या, शाळेच्या, आंदोलनाच्या अंगानं आपण खूप लिहिलं-वाचलंय. लॉरीच्या अंगानं फारसं कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. चंदगडच्या शेतकऱ्याची बाजारपेठ बेळगाव. भात, काजू, रताळी, सगळं रविवार पेठेत यायचं. वेंगुर्ला रस्त्यानं बाची गाव संपलं की शिनोळी लागते. बेळगावपासून जेमतेम पंधरा किलोमीटर. आदल्या दिवशी हा तालुक्याचा प्रवास होता, दुसऱ्या दिवशी तो आंतरराज्य झाला.

म्हणजे नेमकं काय झालं? १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानुसार मालवाहू गाडीला परमिट लागायचं, आणि एका ठिकाणच्या अधिकाऱ्यानं दिलेलं परमिट दुसऱ्याच्या हद्दीत चालायचं तर तिथल्या अधिकाऱ्याची त्यावर काउंटरसही लागायची. दुसऱ्या राज्याचा रस्ता कर वेगळा. तो भरल्याची पावती नसेल तर गाडी उभी. अशा सह्यांची संख्याही राज्याराज्यांतल्या करारानं ठरलेली, म्हणजे पैसे असूनही ती मिळेलच असं नाही. मग तात्पुरतं परमिट काढायचं, ठरावीक दिवसांचं. ट्रिप लांबली, पाटा तुटला, माल उतरवायला हमाल मिळाले नाहीत, की परतीच्या वाटेवर परमिट संपलेलं. मला भेटलेल्या बहुतेक जुन्या ड्रायव्हरांच्या बोलण्यात ही भीती आहे. घाटाची, दरोड्याची भीती त्यानंतर.

१९७५ ला नॅशनल परमिट आलं आणि हा त्रास कमी झाला, पण ज्याच्या मालकाला ते मिळालं त्याचाच. एक-दोन लॉऱ्यांचे छोटे मालक बराच काळ जुन्याच पद्धतीनं चालत राहिले.

नंबर प्लेटही साल सांगते. मुंबई राज्याचं बी. एम., नंतर म्हैसूरचं एम. वाय., आणि १९८९ ला नवा कायदा लागू झाल्यावर बेळगावचं केए २२. जुन्या फोटोत गाडीचं नाक आणि प्लेट दोन्ही दिसत असतील तर फोटोचं साल बऱ्यापैकी अडकवता येतं. घरोघरी असे फोटो आहेत : नवी लॉरी, बॉनेटवर हार, चाकाखाली लिंबू, बाजूला मालक आणि कडेला, निम्मा कापला गेलेला, ड्रायव्हर. कृपया मागच्या बाजूचा मजकूरही स्कॅन करा.

चौथी खूण जकात. बेळगावात शिरताना, बाहेर पडताना नगरपालिकेचा जकात नाका. कर्नाटकानं १ एप्रिल १९७९ पासून जकात उठवली. महाराष्ट्रात ती राहिली. मुंबई महापालिकेची तर थेट २०१७ ला जीएसटी येईपर्यंत. म्हणून "बेळगावच्या नाक्यावर जकात भरून निघालो" हे वाक्य आलं की गोष्ट १९७९ च्या आधीची. नाके गेले तरी नावं उरलीत. कोल्हापुरात आजही रिक्षावाला "शिरोली नाका" म्हणतो.

या खुणा हातात आल्या की पुणे-बेंगलोर रस्त्याच्या गोष्टी एकदम सुटसुटीत लागतात. निपाणीची तंबाखू, संकेश्वरची मिरची आणि साखर, गूळ, सत्तरीनंतर यमनापूरच्या कारखान्याचं ॲल्युमिनियम. मुंबई साधारण पाचशे किलोमीटर. वंटमुरी आणि तवंदी हे घरचे घाट, पुढं खंबाटकी आणि कात्रज. रस्ता एकेरी लेनचा, समोरून लाइट आला की दोघांनीही एकेक चाक मातीत उतरवायचं. कोण आधी उतरवतो याच्यावर शिव्या. पण वेळ चालवण्यात जायचा त्याहून जास्त थांबण्यात जायचा : कोगनोळी-कागलला कागद, शहरांच्या तोंडाशी जकात, घाटात रेडिएटरचं पाणी. अप्पा म्हणायचे, "गाडी चालवायचा पगार नव्हे रे तो. थांबायचा पगार." ढाबे नंतरचे. आधी क्लीनर गाडीच्या सावलीत स्टोव्ह पेटवून भात टाकायचा.

गोव्याच्या आठवणींना मात्र वेगळी काळजी घ्यावी लागते. १९५५ पासून भारत सरकारनं गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती, त्यामुळं बेळगावची भाजी आणि तांदूळ गोव्यात उघडपणे जाऊ शकत नव्हते. डिसेंबर १९६१ मध्ये १७ वी इन्फंट्री डिव्हिजन बेळगावात जमली तेव्हा गावभर लष्करी गाड्या, हे पाहिलेले लोक अजून आहेत. मुक्तीनंतर भाजीच्या लॉऱ्या सुरू झाल्या : रामनगर-अनमोड-मोले करत फोंड्याला, किंवा आंबोली उतरून सावंतवाडीमार्गे म्हापशाला. पोर्तुगीजांनी माघार घेताना पूल उडवले होते, त्यामुळं पहिले दिवस हालाचे. म्हापशाकडून पणजीत शिरायचं तर बेतीला मांडवीची फेरी. मांडवीवर पूल नंतर झाला, आणि ५ जुलै १९८६ ला तो कोसळला. मग पुन्हा फेरी आली. तेव्हा कुणी "बेतीच्या फेरीवर रात्र काढली" असं सांगितलं, तर विचारा, कुठली फेरी? साठीतली की पूल पडल्यानंतरची? एका गृहस्थांच्या मुलाखतीत मला दोन्ही एकात मिसळलेल्या सापडल्या. चूक त्यांची नव्हती, पाणी तेच, बोट तीच, रांग तीच.

आता अप्पांचं.

अप्पा एक गोष्ट नेहमी सांगायचे. गोवा मोकळा झाल्यावरचा पहिलाच पावसाळा, म्हणजे १९६२. भाजी उतरवून सावंतवाडीकडून नारळ भरून परत येताना दाणोली सोडून आंबोलीचा चढ. इंजिन तापलं, गाडी थांबली. अशा वेळी क्लीनरनं उडी मारून मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा किंवा दगड लावायचा असतो. धुकं इतकं की बॉनेट दिसेना. गाडी मागं सरकली. चंदगडकडचा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा होता. तो गेला. मालकानं सांगितलं की त्याचं नाव आपल्या कागदात नाही. घरच्यांना काही मिळालं नाही. अप्पा सांगत, ते स्वतः तेव्हा दुसऱ्या लॉरीवर क्लीनर होते, मागून येत होते, आणि त्यांनी हे पाहिलं.

मंडळाच्या नोंदीत रस्त्यावर गेलेल्या क्लीनरांची यादी करायची असं ठरलं, कारण त्यांची नोंद कुठंच नाही. म्हणून अप्पा हयात असतानाच मी ही गोष्ट रेकॉर्ड केली होती. ते गेल्यावर लिहून काढायला बसलो, आणि दुसऱ्या कुणाच्या गोष्टीला लावतो त्याच खुणा सवयीनं हिलाही लावल्या. गोष्टीत ते म्हणतात, "बॉनेटवरचं टी सुद्धा दिसत नव्हतं." म्हणतात, नारळाचं वजन इतके क्विंटल. म्हणतात, किलोमीटरच्या दगडाला गाडी टेकून थांबली. आणि सकाळी निघताना बेळगावच्या नाक्यावर जकातवाल्याशी वाद झाला होता.

टी म्हणजे १९६९ नंतर. जकात म्हणजे १९७९ च्या आधी. त्यात १९६२ बसत नाही.

कपाटात त्यांचं लायसन्स होतं, १९६५ चं. म्हणजे या दहा वर्षांत ते क्लीनर नव्हते. ट्रिपांच्या वह्याही होत्या, भत्त्याच्या हिशोबाच्या. १९७४ च्या वहीत जुलैच्या पानावर "आंबोली" असं एकच नाव आहे, पुढं "३ दिवस गाडी उभी". भत्त्याचा रकाना कोरा. त्यानंतरच्या दोन महिन्यांत एकही ट्रिप नाही. सप्टेंबरपासून नोंदी पुन्हा सुरू होतात, त्या पुणे रस्त्याच्या. माझ्या माहितीत अप्पा त्यानंतर आंबोलीला कधी गेले नाहीत. आम्ही शाळेत असताना सहलीला जायचं म्हटलं तरी "तिकडं काय बघायचं? पाऊसच की," म्हणायचे.

गाडी तेच चालवत होते असं वही म्हणत नाही. वहीत फक्त तीन दिवस आणि कोरा रकाना आहे. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "ब्रेक धरत नाही म्हणून त्यांनी मालकाला आधी दोनदा सांगितलेलं." एवढंच. पुढं मी विचारलं नाही.

मंडळाच्या यादीत मी नोंद केलीय : जुलै १९७४, आंबोली घाट, चढाच्या बाजूला, क्लीनर, चंदगड तालुका. ड्रायव्हरच्या रकान्यात अप्पांचं नाव पेन्सिलनं लिहिलंय. पोराचं नाव अप्पांनी रेकॉर्डिंगमध्ये कुठंच घेतलेलं नाही, नुसतं "पोरगं" म्हणतात. चंदगडकडं शिनोळी, तुडये, पाटणे फाटा या भागात मी दोनदा जाऊन आलो. ज्यांच्या घरातला असा मुलगा त्या पावसाळ्यात लॉरीवरून परत आला नाही, किंवा ज्यांना अशा घराची माहिती आहे, त्यांनी मंडळाकडं कळवावं. रेकॉर्डिंग त्यांना आधी ऐकवीन.