थेंब उडी मारतो तेव्हा

बस इथे बांधावर, रेवा. आणि ती स्ट्रॉबेरी लगेच तोंडात टाकू नकोस, आधी नीट बघ. अंगावर पिवळे ठिपके आहेत ना? सगळे त्यांना बिया म्हणतात. पण त्यातला एकेक ठिपका म्हणजे अख्खं फळ, बी त्याच्या पोटात. आपण मिटक्या मारत खातो तो लाल गर म्हणजे फुलाचं फुगलेलं बूड! आंब्याला साल, फणसाला काटेरी चिलखत. हिला काहीच नाही. उघडीवाघडी पोर. त्यात देठ नाजूक. फळ भरलं की मान टाकतं आणि थेट जमिनीवर निजतं.

जमिनीवर ओल, आणि ओलीत बुरशी टपलेलीच. रात्रीचं दव वरून सुकतं, पण मातीला टेकलेली बाजू ओलीच राहते. मग तिथे मऊ डाग पडतो आणि त्यावर राखाडी लव उगवते. म्हणून खाली काहीतरी अंथरायचं. पण काय?

जा, वाटीभर पाणी आण. हे बघ, इकडे ओली माती, मधे हा चंदेरी मल्चिंग पेपरचा, म्हणजे प्लास्टिकचाच, तुकडा, पलीकडे गव्हाचं काड. तिन्हींच्या मागे वहीचा पांढरा कागद उभा धर. मी खांद्याएवढ्या उंचीवरून थेंब सोडतो. कुठला जास्त उडेल?

माती म्हणालीस? सोडू या तर. मातीमागच्या कागदावर तांबडे शिंतोडे आले, पावसात पायजम्यावर येतात तसेच. पेपरमागे चिखल नाही, पण थेंब बघ किती लांब उडाले! आणि काडामागचा कागद जवळजवळ कोरा.

काडं पोकळ असतात, आडवीतिडवी पडतात. थेंब त्यांच्यावर फुटतो, फटींतून खाली झिरपतो, आणि मधून वारा खेळत असल्यामुळे वरचा थर लवकर सुकतो. पेपर ताणलेला, गुळगुळीत. पाण्याला आत जायला वाट नाही, म्हणून ते उसळतं. आता त्या पेपरवर एखादं सडकं फळ पडलेलं असेल तर? पाण्यावर स्वार होणाऱ्या काही बुरशा असतात, त्यांची बीजं याच थेंबांवर बसून शेजारच्या फळावर जातात.

‘मग आजोबा, आपल्याकडे सगळीकडे पेपर का?’ विचारशील म्हणून थांबलोच होतो. विलायतेत स्ट्रॉबेरी पिकते जून-जुलैत, विम्बल्डनच्या टेनिसच्या वेळी. तिथे पाऊस कधीही येतो, म्हणून तिकडचे बागवान फळाखाली काड सारतात. आपल्या महाबळेश्वरात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, पण जवळजवळ सगळा पावसाळ्यात. आपण सप्टेंबर-ऑक्टोबरात रोपं लावतो, फळ हिवाळ्यात येतं, तेव्हा आभाळ कोरडं. पाणी ठिबकने, तेही पेपरच्या खालून. वरून थेंब पडतच नाही, तर उडणार काय! शिवाय पेपरची चंदेरी बाजू उजेड पानांखाली फेकते, त्याने मावा बावचळतो. काळ्या पोटाखाली तणाला ऊन मिळत नाही. पेपर मात्र ताणून घालावा. सुरकुती राहिली की दव तिथेच साचतं.

घात करते ती अवकाळी. म्हणून गादीवाफ्यांमधल्या सऱ्यांत मी काड पसरतो आणि मऊ पडलेलं फळ दिसलं की बादलीत घालून शेताबाहेर नेतो. एका वर्षी मळणी नीट न झालेलं काड टाकलं, तर काही दिवसांत स्ट्रॉबेरीच्या शेतात गहू डोलायला लागला. तुझी आजी अजून हसते. लाकडाचा भुसा मला आवडत नाही, फार वेळ ओला राहतो. वाळकी पानं भिजली की पापडासारखी चिकटतात. वाईकडे उसाचं पाचट मुबलक, ते चालतं, पण पातं बोट कापतं.

पेपरचं एक दुखणं मात्र आहेच. तो कुजत नाही. हंगाम संपला की मी तुकडा न् तुकडा वेचतो, तरी पुढच्या नांगरटीला चिंध्या वर येतातच. तुझ्या गॅलरीतल्या कुंडीत तू काडच घाल.

बरं, आता खा. देठाकडून सुरुवात कर; टोकाला गोडी जास्त असते, ती शेवटी राहू दे.